निर्व्यसनी माणसाचं लिव्हर



आपल्या समाजात लिव्हरचा आजार म्हटला की बोलणाऱ्याचा आवाज खाली येतो. डायबिटीसचं तसं नाही. व्याख्यान संपल्यावर स्थानकाच्या ओट्यावर चार जणी बसल्या, तर दोघींच्या पर्समधून मेटफॉर्मिनची पट्टी निघते आणि त्यात कुणाला काही वाटत नाही. पण सोनोग्राफीच्या कागदावर ‘फॅटी लिव्हर, ग्रेड टू’ असं आलं की ठरलेली दोन वाक्यं ऐकू येतात. एक, “अहो, ते आजकाल सगळ्यांनाच असतं.” आणि दुसरं, “पण आमच्याकडे तर कुणी पीत नाही!” माझं आजचं भांडण या दोन्ही वाक्यांशी आहे.

दुसऱ्या वाक्याने आमच्या घराला किती त्रास दिला ते आधी सांगते. माझे चुलत सासरे सिरॉसिसने गेले. वीस वर्षांची शुगर, शेवटी पोटात पाणी. आयुष्यभर चौविहार पाळलेला माणूस. कफ सिरपमध्ये अल्कोहोल असतं म्हणून ते सुद्धा न घेणारा. तरी भेटायला येणारे पाणी पिऊन झाल्यावर हळूच विचारत, “काही सवय होती का हो?” काकीजींना नवरा गेल्याच्या दुःखाबरोबर ही कुजबुजही सहन करावी लागली. नेरसारख्या गावात कुजबुज बाजारपेठेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला एक दुपार पुरते.

तर डॉक्टरांनाही हे कोडं एकेकाळी पडलंच होतं. १९८० मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. युर्गेन लुडविग आणि सहकाऱ्यांनी वीस रुग्णांची माहिती छापली. लिव्हरचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली दारुड्याच्या लिव्हरसारखा दिसत होता, पण ही माणसं दारू पिणारी नव्हती. बहुतेक जण लठ्ठ होते, बऱ्याच जणांना डायबिटीस होता. आजाराला नावच नव्हतं, म्हणून त्यांनी ‘नॉन अल्कोहोलिक’ असं नाव दिलं, म्हणजे दारूशिवायचा. २०२३ मध्ये जगभरातल्या लिव्हरतज्ज्ञांनी ते नावही बदललं आणि नव्या नावातून दारू हा शब्दच काढून टाकला. आता तो शरीराच्या चयापचयाशी, म्हणजे साखर-चरबीच्या हिशेबाशी जोडलेला लिव्हरचा आजार म्हणून ओळखला जातो. टाइप टू डायबिटीस असलेल्या निम्म्याहून जास्त लोकांना तो असतो. तेव्हा कुणाचं लिव्हर बिघडलं असं कळलं तर “पीत होते का” हा प्रश्न तोंडातच ठेवावा, एवढी विनंती.

आता पहिलं वाक्य, “सगळ्यांनाच असतं.” असतं, हे खरंच आहे. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी देशभरातले अभ्यास एकत्र करून २०२२ मध्ये हिशेब मांडला तेव्हा शंभरातल्या अडतीस प्रौढांमध्ये फॅटी लिव्हर निघालं. केंद्र सरकारने २०२१ मध्ये हा आजार राष्ट्रीय असंसर्गजन्य रोगांच्या कार्यक्रमात घेतला, तो उगीच नाही. पण पुष्कळांना असणं म्हणजे निरुपद्रवी असणं, हे कुठलं शास्त्र?

मला बायका नेहमी विचारतात ती गोष्ट अशी. “भाभी, मी सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब घेत नाही. सकाळी नवकारसी झाल्यावरच तोंडात काही घालते. मधे तेरा-चौदा तास उपाशी. तरी सकाळची उपाशीपोटी शुगर १६० कशी? खाल्लंच नाही तर साखर आली कुठून?”

ती लिव्हरमधून आली. लिव्हर म्हणजे आपल्या घरातलं कोठीघर समजा. आपण रात्रभर जेवत नाही, तेव्हा मेंदूला आणि रक्ताला साखर लागतेच. ती हे कोठीघर थोडी थोडी बाहेर सोडतं, कमी पडली तर नवी तयारही करतं. आणि किती सोडायची यावर लक्ष ठेवणारी मालकीण म्हणजे इन्सुलिन. ती म्हणते, “पुरे, आता बंद कर,” की लिव्हर हात आखडतं. पण लिव्हरच्या पेशींमध्ये चरबी साठली की मालकिणीचा आवाज तिथे नीट पोचत नाही. रक्तात साखर भरपूर असली तरी लिव्हर रात्रभर आणखी ओतत राहतं. यालाच लिव्हरचा इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. (पहाटे शरीरातले काही हार्मोन वाढतात, त्यांचाही साखर वाढवण्यात वाटा असतो.) मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं. आणि गंमत बघा, साखर बनवणं थांबव हा निरोप लिव्हर ऐकत नाही, पण साखरेची चरबी करून साठव हा इन्सुलिनचा दुसरा निरोप मात्र ते बऱ्यापैकी ऐकतं. म्हणजे जास्त इन्सुलिन, त्यातून जास्त चरबी, त्यातून आणखी बहिरेपणा. घाण्याच्या बैलासारखं गोल गोल.

ही चरबी येते कुठून? तुपातून, तेलातून, हे सगळे सांगतील. पण लिव्हर पोळी-भात-साखरेपासूनही चरबी बनवतं, हे आपल्याकडे कुणाच्या डोक्यातच येत नाही. साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोज, आणि त्याचा बहुतेक निपटारा लिव्हरलाच करावा लागतो. आपण तुपाला शिव्या घालतो आणि दिवसाच्या चार कप गोड चहाला माफ करतो.

हे चक्र उलटं फिरवता येतं, हे इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या डॉ. रॉय टेलर यांनी दाखवलं, आणि मला वाटतं डायबिटीस असलेल्या प्रत्येक घरात ही गोष्ट माहीत असायला हवी. २०११ मध्ये त्यांनी अकरा जणांना आठ आठवडे दिवसाला फक्त ६०० कॅलरींवर ठेवलं. पहिल्याच आठवड्यात त्यांची सकाळची साखर नॉर्मलला आली. आठ आठवड्यांत लिव्हरमधली चरबी सुमारे तेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर उतरली. पुढे २०१७ मध्ये मोठा अभ्यास आला. त्यात डायबिटीस होऊन सहा वर्षांच्या आतले, इन्सुलिन न घेणारे लोक होते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वजन उतरवलेल्या गटातल्या ४६ टक्के लोकांची शुगर वर्षभरानंतर औषधांशिवाय ताब्यात होती. ज्यांनी पंधरा किलो किंवा जास्त वजन घटवलं, त्यांच्यात तर ८६ टक्के. दुसऱ्या वर्षी पहिला आकडा ३६ वर आला, म्हणजे वजन परत वाढलं की आजारही परततो, हेही सांगितलं पाहिजे.

“पण आम्ही कुठे जाड आहोत?” हा पुढचा प्रश्न, आणि तो आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचा. त्याचं उत्तर पुण्यात आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा शेजारी शेजारी उभा फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! आपण भारतीय बाहेरून सडपातळ आणि आतून चरबीचे, हे याज्ञिक पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि बाळं तपासून कितीतरी वर्षं सांगत आले आहेत. म्हणून आपल्यासाठी मोजमापं वेगळी: बीएमआय २३ च्या वर गेला की सावध व्हायचं, कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटर आणि बायकांची ८० च्या आत हवी. हातपाय काड्यांसारखे आणि गल्ल्यामागे बसून सुटलेलं पोट, अशी किती माणसं आपल्या बाजारपेठेत आहेत, मोजून बघा. टेलर यांनी पुढे असेही लोक तपासले, ज्यांचं वजन जवळपास नॉर्मल होतं. वीस जणांपैकी चौदा जणांची शुगर नुसतं थोडं वजन घटवून औषधाशिवाय नॉर्मल झाली, साडेसहा टक्क्यांच्या आसपास. सत्तर किलोच्या माणसाला साडेचार किलो. आशाताई तपासणीच्या फॉर्मसाठी कंबर मोजायला टेप काढतात तेव्हा आपल्या बायका “असू द्या हो ताई” म्हणून पदर सावरतात. मोजू द्या.

आता आपल्या ताटाकडे येते, कारण आपल्याला काय खायचं नाही याची एवढी लांब यादी असताना हा आजार आपल्या घरात येतोच कसा, हे मला समजून घ्यायचं होतं. कांदा नाही, बटाटा नाही, मांस-मद्य तर नाहीच. माझं मत असं, की ‘काय’ ते आपण डोळ्यात तेल घालून पाहतो आणि ‘किती’ हा प्रश्नच सोडून दिला आहे.

तिथीचं बघा. अष्टमी-चौदसला हिरवी भाजी बंद. ठीक आहे, नियम आहे, मीही पाळते. पण भाजी गेल्यावर ताटात जी जागा रिकामी होते ती कशाने भरते? गट्टे, पापडाची भाजी, शेव, पुरी, कढी-भात. अख्खे मूग, मटकी, चवळी, हरभऱ्याची डाळ, तुरीचं घट्ट वरण हे सगळं त्या दिवशी चालतं. तूर तर आपल्या तालुक्याच्या शेतात पिकते. पण वरण आपण पाण्यासारखं करतो आणि बेसन तळून खातो. पर्युषणात तर आठही दिवस हेच. उपवासाच्या आदल्या दिवशी धारणा म्हणून दाल-बाटी-चुरमा, नंतर पारणं म्हणून रबडी-मालपुवा, आणि मधला एक दिवस उपवास. तेला करणाऱ्याचे तीन दिवस तपाचे आणि पुढचे तीन हलवायाचे.

चौविहाराचंही तसंच. हिवाळ्यात पावणेसहाला दिवस मावळतो. पाच वाजता दुकानातून धावत येऊन, रात्रीची भूक अंगावर येईल या भीतीने दोन वेळचं एकदम जेवायचं आणि लगेच प्रतिक्रमणाला मांडी घालून बसायचं. जेवण लवकर संपवण्याचा फायदा असतो, यात शंका नाही. अमेरिकेत २०१८ मध्ये डायबिटीसच्या उंबरठ्यावरच्या आठ पुरुषांना पाच आठवडे दुपारी तीनच्या आत दिवसाचं शेवटचं जेवण दिलं, आणि वजन न घटताही इन्सुलिनचा आवाज शरीराला जास्त ऐकू यायला लागला. पण आठच माणसं होती! आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर यावरून “विज्ञानाने जैन धर्म सिद्ध केला” असे फलक फिरतात, ते मला मुळीच आवडत नाहीत. आपलं तप कर्मनिर्जरेसाठी आहे. ते शुगर मशीनच्या आकड्यावर सिद्धही होत नाही आणि खोटंही ठरत नाही. शुगरसाठी उपाशी राहायचं असेल तर त्याला सरळ डाएट म्हणावं. त्यातही काही कमीपणा नाही.

डाएटवरून आठवलं. दोनच वेळा जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचं आणि रोज ४५ मिनिटं चालायचं, हा डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचा कार्यक्रम महाराष्ट्रातल्या घराघरात पोचला. त्यामागचा विचार आपल्या विदर्भातल्या काटोलच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा, हे दीक्षित स्वतः सांगतात: जेवढ्या वेळा खाल तेवढ्या वेळा इन्सुलिन पाझरतं. आपल्याकडच्या कितीतरी जणांनी तो ऐकून म्हटलं, हे तर आमचं बियासणं! म्हणायला हरकत नाही. पण बियासणं करणाऱ्या माझ्या ओळखीच्या एक बाई एका बैठकीत सहा पुऱ्या, श्रीखंड आणि भजी संपवतात आणि वजन काट्यावर वर्षभरात तीन किलो वाढलं म्हणून नशिबाला बोल लावतात. वेळा कमी केल्या, माप तेच राहिलं किंवा वाढलं. लिव्हर ताटात एकूण काय आलं तेही मोजतं.

आणि मापाची शिकवण आपल्याकडे नाही का? बाह्य तपात अनशनानंतर लगेच दुसरं तप ऊणोदरी आहे, भुकेपेक्षा कमी जेवणं. पुरुषाचा पूर्ण आहार बत्तीस घास, स्त्रीचा अठ्ठावीस, आणि त्यातून एक घास कमी केला तरी ऊणोदरी होते, असं परंपरेत सांगितलं आहे. चौथं रसत्याग. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि कढईत तळलेलं, या सहा विगई. यातली रोज एक सोडायचीही पद्धत आहे. श्रावकाच्या सातव्या व्रताच्या नावातच ‘परिमाण’ शब्द आहे. पण ऊणोदरीची अनुमोदना कुणी करत नाही. अठाईची वरात निघते, साडी मिळते, नाव पुकारलं जातं. अर्धी पोळी कमी खाल्ली त्याची वरात कशी काढणार? मला वाटतं म्हणूनच हे तप मागे पडलं. ते दिसत नाही.

आमच्या घरी काय केलं ते थोडक्यात सांगते, कारण तुम्ही विचारणारच. माझ्या थोरल्या दिरांची शुगर बारा वर्षांची. साखर ही विगई घरात सोमवार ते शनिवार बंद, चहासकट. शेव-चिवड्याचा डबा वरच्या फळीवर. पोळ्या दोन, त्यातली एक ज्वारीची भाकर. अख्खे मूग किंवा घट्ट वरण वाटीभर, आधी ते खायचं, मग भाकर. शेवटच्या जेवणानंतर प्रतिक्रमणाआधी वीस मिनिटं चालणं. चालताना मांसपेशी इन्सुलिनची फारशी वाट न पाहता साखर ओढून घेतात. जीवदयेसाठी खाली पाहून चाला, पण चाला. सात महिन्यांत त्यांचं वजन ७४ वरून ६८ वर आलं. वजन पाच टक्के उतरलं तरी लिव्हरमधली चरबी कमी होऊ लागते. सात ते दहा टक्क्यांवर आतली सूजही उतरते.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगते. गोळ्या-इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करून तपाला बसू नका. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपवास केला तर साखर धोकादायक खाली जाते, चक्कर येते, शुद्ध हरपते. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या घेऊन कडक उपवास, तोही पाण्याविना, केला तर शरीर कोरडं पडतं आणि रक्तात आम्ल वाढू शकतं. पर्युषणाच्या आधी डॉक्टरांना विचारून डोस बदलून घ्या. आणि उपवासात हातपाय कापायला लागले, घाम फुटला, तर साखर खा. पच्चक्खाणात समाधी टिकवण्यासाठीचा आगार पूर्वाचार्यांनी ठेवला आहे तो अशाच वेळेसाठी. “मरू पण मोडणार नाही” असं म्हणणाऱ्या मावशींना कुणी महासतीजी शाबासकी देणार नाहीत. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्या शाकाहारी माणसाने बी१२ ही तपासून घ्यावं. ते दोन्ही बाजूंनी कमी होतं.

तपासणीचंही एक ऐका. एसजीपीटी नॉर्मल म्हणजे लिव्हर चांगलं, असं नसतं. घट्ट व्हायला लागलेल्या लिव्हरचा अंदाज साध्या रिपोर्टवरून येतो, त्याला फिब-४ म्हणतात. वय गुणिले एसजीओटी. त्याला प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ याने भागायचं. समजा वय ६०, एसजीओटी ४५, एसजीपीटी ३६, प्लेटलेट १ लाख ८० हजार. वर २७००, खाली १८० गुणिले ६ म्हणजे १०८०. उत्तर २.५. एसजीपीटी तर नॉर्मल होतं! १.३ च्या आत असेल तर बहुधा काळजी नाही (पासष्टीच्या पुढे २ पर्यंत). त्याच्या वर असेल तर डॉक्टरांना दाखवून फायब्रोस्कॅन करावा लागतो का ते विचारा. २.६७ च्या वर असेल तर यवतमाळला किंवा नागपूरला जायला पुढच्या महिन्याची वाट पाहू नका. काकाजींचे जुने रिपोर्ट फाइलमध्ये होते. सगळे आकडे त्यात होते, हा हिशेब कुणी केला नव्हता.

राहिला प्रश्न गौतम प्रसादीचा. तीन मिठाया आणि दोन तळलेले पदार्थ नसले तर लाभार्थी परिवाराला मान कमी पडल्यासारखं वाटतं, हे मला माहीत आहे. तरी येत्या पर्युषणाच्या पारण्याचा मेनू ठरवायला महिला मंडळाची रविवारी बैठक आहे, तिथे मी म्हणणार आहे: एकच गोड, एकच तळलेलं, अख्ख्या मुगाची उसळ आणि ज्वारीची भाकर सगळ्यांना, आजाऱ्यांचं वेगळं टेबल नको. आणि येणाऱ्या प्रत्येकीची कंबर मोजायला टेप घेऊन मी दाराशी बसणार आहे.